हळदीचे कण

दगडावर दगड घासला की दोन गोष्टी घडतात. दगड झिजतो, आणि त्या दोहोंमध्ये जे काही वाटले जात असते त्याचा सूक्ष्म अंश दगडाच्या छिद्रांत अडकून राहतो. झीज डोळ्यांना दिसते. अडकलेला अंश दिसत नाही. माझे सगळे उच्च शिक्षण त्या न दिसणाऱ्या अंशावर झालेले आहे. धान्य, डाळी, कंद, प्रत्येकाच्या स्टार्चच्या कणाला स्वतःचा आकार असतो, आणि परिस्थिती अनुकूल असेल तर तो कण हजारो वर्षे टिकतो. दगड मऊ ब्रशने शुद्ध पाण्यात घासायचा, ते पाणी नळीत साठवायचे, गाळ खाली बसू द्यायचा, त्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. सांगायला इतकेच काम आहे.

या कामासाठी मी वाशीमला आले ती तिथल्या एका लहानशा संग्रहालयामुळे. पैनगंगेच्या खोऱ्यातल्या एका पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडावर, फार पूर्वी उत्खनन झाले होते. तिथे सापडलेली मडकी, मणी आणि तांब्याच्या वस्तू मोठ्या शहरांत गेल्या; वाटण्या-घासण्याचे दगड कोणालाच नको होते, म्हणून ते जिल्ह्यातच राहिले. पाटे, वरवंटे, लहान उखळ, धार लावायचे दगड, सगळे पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडून लोखंडी कपाटांत ठेवलेले. पुण्यात मी पाहिलेल्या संग्रहांतले दगड घासूनपुसून लख्ख केलेले असत. काहींवर वार्निशसुद्धा फिरवलेले असे. इथल्या दगडांकडे कोणी लक्षच दिले नव्हते. कोणी त्याला हेळसांड म्हणेल. माझ्या दृष्टीने ते भाग्य होते.

माझा हेतू साधा आणि स्पष्ट होता. या दगडांवरून मला एक भक्कम शोधनिबंध हवा होता, आणि त्या निबंधाच्या बळावर परदेशातल्या एका प्रयोगशाळेत जागा. माझ्याबरोबर शिकलेली मंडळी एकेक करून निघून गेली होती. त्यांचे फोटो येत. बर्फ, उंच खिडक्या, ओळीने मांडलेली उपकरणे. मी ते पाहून फोन उलटा ठेवत असे आणि पुढची काचपट्टी घेत असे.

संग्रहालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर मी खोली घेतली. घर कामरगावला, एका एसटीच्या अंतरावर. रविवारी जाऊन येणे सहज शक्य होते. पण घरी गेले की मी काय करते ते पहिल्यापासून सांगावे लागे, आणि सगळे ऐकून झाल्यावर आई विचारायची, “मंग हे काम सरकारी हाय का?” हळूहळू माझे रविवारही कपाटांच्या खोलीत जाऊ लागले. संग्रहालयाचे मानद प्रमुख आठवड्यातून एकदा येऊन सह्या करत. एखाद्या शाळेची सहल आली तर पुढच्या दालनात तासभर गलका होई. मग पुन्हा पंख्याची घरघर. दिवसभरात माझा स्वतःचा आवाज मला क्वचितच ऐकू येई, आणि ऐकू आलाच तर तो मावशींशी बोलताना.

मावशी म्हणजे संग्रहालयाची झाडलोट करणाऱ्या, किल्ल्या सांभाळणाऱ्या आणि चहा करणाऱ्या बाई. मूळच्या रिठदच्या, शेतकरी घरातल्या. नोकरीत त्यांची बरीच वर्षे झाली होती आणि संग्रहालयातल्या कोणत्याही वस्तूबद्दल त्यांना कुतूहल नव्हते. कुतूहल होते ते माझ्याबद्दल.

“काय पाहून राह्यल्या मॅडम इतकं त्याच्यात?” पहिल्याच आठवड्यात त्यांनी सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवून विचारले. “नवरा दिसते काय?”

“जेवण दिसतं, मावशी. फार पूर्वीच्या माणसांनी काय वाटून खाल्लं होतं, ते.”

“अन तुमचं जेवन? डबा तसाच पडला हाय सकाळपासून. मेलेल्यायचं जेवन पाहता, अन जितं मानूस उपाशी!”

त्या संग्रहात एक वरवंटा सर्वांत देखणा होता. काळ्या दगडाचा, वीतभर लांबीचा, दोन्ही टोके गोलसर, एक बाजू वापराने गुळगुळीत झालेली. उत्खननाच्या नोंदीप्रमाणे तो एका घराच्या जमिनीवर, अगदी खालच्या थरात सापडला होता. म्हणजे त्याचा काळ निश्चित होता. इतर बहुतेक दगडांवर मला काहीच मिळाले नव्हते किंवा ओळखू न येणारे तुकडे मिळाले होते. या वरवंट्याच्या पहिल्याच काचपट्टीवर कण दिसले: चपटे, लांबट, एका टोकाला निमुळते. शेजारी पिवळसर, फुगलेले गोळे. मी संदर्भासाठी आणलेले सगळे नमुने एकेक करून लावून पाहिले. ती हळद होती.

इतकेच असते तरी पुरेसे होते. पण ते फुगलेले गोळे अधिक महत्त्वाचे होते. स्टार्च पाण्यात शिजला की त्याचा कण फुगतो आणि त्याची घडण विस्कटते. रिसोडकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते की जमिनीतून काढलेली हळद तशीच दळत नाहीत. ती आधी शिजवतात, मग वाळवतात. याचा अर्थ, माझ्या त्या पांढरीवरच्या माणसांनाही हळद शिजवून वाळवून ठेवण्याची रीत माहीत होती. वनस्पती सापडणे वेगळे आणि तिच्यावरची प्रक्रिया सापडणे वेगळे. हे दुसरे होते.

मी उतावीळ नाही. ट्रेमधली धूळ तपासली, टेबल ओल्या बोळ्याने पुसून तो बोळा तपासला, हातमोजे, ब्रश, पाणी, सगळे तपासले. हळदीचा कण कुठेही नव्हता. होता तो फक्त त्या वरवंट्यावर. एका काचपट्टीवर कापडाचा हिरवा तंतू मात्र दिसला. माझी एक ओढणी हिरवी होती. मी नोंद केली, पांढरा सुती कोट घालू लागले आणि तो प्रश्न माझ्यापुरता मिटला.

पुण्याला माझ्या मार्गदर्शक मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “दुसऱ्या बाजूने नमुना घे. मग बोलू.” दुसऱ्या बाजूनेही हळदच आली. तेव्हा त्या म्हणाल्या, “यावर तू बाहेर बोलायला हवंस.” परदेशातल्या एका परिषदेसाठी गोषवारा पाठवला, तो स्वीकारला गेला. मला जिथे जायचे होते त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख तिथे येणार होत्या. त्यांनी स्वतःहून लिहिले की माझे सादरीकरण झाल्यावर जागेबद्दल बोलू.

ते पत्र मी उभ्यानेच वाचले. कोणाला तरी सांगावे म्हणून आजूबाजूला पाहिले, तर कपाटे होती. संध्याकाळी आईला फोन लावला.

“आई, हळद सापडली.”

“कोठी?”

“दगडावर. खूप जुनी. हजारो वर्षांपूर्वीची.”

“बरं.” पलीकडे कुकरची शिट्टी झाली. “मंग?”

“मग काय, एवढ्या जुन्या काळी शिजवलेली हळद इथे पहिल्यांदाच मिळते आहे.”

“हळद त आपल्या घरीबी हाय व,” आई म्हणाली. थट्टेने नव्हे, मला धीर द्यावा तसे.

मी हसले आणि जेवलीस का, असे विचारून फोन ठेवला. बाजारातून एक चक्कर मारली. एसटी स्टँडसमोर हारीने उभ्या असलेल्या काळ्यापिवळ्या जीपगाड्यांमधून लोक आपापल्या गावांची नावे ऐकून चढत होते. आनंद माझ्याजवळ होता, पण तो ठेवायला जागा नव्हती.

परिषदेसाठी वरवंट्याची काही छायाचित्रे हवी होती. म्हणून एका सकाळी मी लवकर गेले, माझ्याकडच्या किल्लीने कपाट उघडले, ट्रे बाहेर काढला. वरवंटा नव्हता. बाकीचे दगड जागच्या जागी आणि मध्ये त्याच्या आकाराची रिकामी जागा. मी पहिल्यांदा इतर ट्रे पाहिले, मग इतर कपाटे, मग टेबलाखाली. चोरी म्हणावी तर शेजारच्या ट्रेमधल्या वस्तूला कोणी हात लावला नव्हता. संग्रहालयाच्या प्रमुखांना कळवावे की आधी पोलिसांत जावे, याचा विचार करत असतानाच मावशी आल्या. हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर उत्साह.

“घ्या, घुगऱ्या घ्या,” त्यांनी डबा पुढे केला. “माह्या बहिणीच्या नातवाचं बारसं झालं काल. तुमाले बोलवाव म्हनलं होतं, पन तुमी कुठं येता!” मग पिशवीत पुन्हा हात घालून त्यांनी आणखी एक गोष्ट काढली आणि हातांवर आडवी धरून मला दाखवली. “अन हे आपलं बाळ.”

तो माझा वरवंटा होता. त्याच्या वरच्या टोकावर हिरवी, जरीच्या काठाची कुंची बांधलेली. कुंचीखाली, जिथे कपाळ असते तिथे, हळदकुंकवाचे बोट आणि त्याच्या शेजारी काजळाची तीट.

“हा तुम्ही नेला होता?”

“मंग काय! पोराच्या आंधी पाळन्यात वरोटा निजवा लागते ना. तुमच्यात नाही काय?”

आमच्यात नाही. आमच्या घरी बाळाचे नाव त्रिशरण-पंचशील म्हणून ठेवतात. धर्मांतरानंतर माझ्या आजोबांनी जुन्या रीती घराबाहेर ठेवल्या, त्या पुन्हा आत आल्या नाहीत. शेजारच्या बारशांना मी लहानपणी गेलेही असेन, पण घुगऱ्या घेऊन बाहेर खेळायला पळाले असेन. पाळण्यापाशी काय चालते ते मला मावशींनी त्या सकाळी उभ्याउभ्या सांगितले. वरवंट्याला आंघोळ घालतात, हळदकुंकू लावतात, कुंची घालतात. एक बाई पाळण्याच्या वरून देते, दुसरी खालून घेते, देताघेताना गोविंद-गोपाळ म्हणतात, आणि मग त्याला पाळण्यात निजवतात. बाळाची पाळी त्यानंतर. दगडासारखे टणक व्हावे, म्हणून.

“पण संग्रहालयातला कशाला, मावशी?”

“आता कोनाच्या घरी राह्यला हाय पाटा-वरोटा? मिक्सर आले. लोकायनं पाटे उचलून पायरीले लावले, वरोटे कुठं गेले देवाले माहीत. मंग काय मिक्सर निजवाव पाळन्यात?” स्वतःच्याच बोलण्यावर त्या खळखळून हसल्या. “आमच्या अख्ख्या गल्लीले हाच जाते. याच्यावर नाव ठेवलेली पोरं कॉलेजात हायेत आता.”

माझा चेहरा पाहून त्यांचे हसू थोडे ओसरले. कुंचीची गाठ सोडत त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “काही काळजी करू नका मॅडम. दरवेळी धुऊनच आणतो.”

दरवेळी.

त्या एका शब्दाने माझ्या प्रत्येक तपासणीचे उत्तर दिले. दगड धुऊन आणत होत्या, म्हणून ट्रेच्या धुळीत हळद नव्हती. वरवर धुतल्याने छिद्रांतले निघत नाही, म्हणून दगडावर ती होती. बाजारची पूड शिजवलेल्या हळदीचीच असते, म्हणून कण फुगलेले होते. हिरवा तंतू माझ्या ओढणीचा नव्हता. संग्रहातला हाच दगड एवढा बोलका का, याचेही उत्तर मिळाले: हाच बाळासारखा दिसत होता.

तरी मी पडताळा केला. मावशींना म्हटले, घरची थोडी हळद आणाल का. “कायले? भाजी करता काय इथं?” असे म्हणत त्यांनी दुसऱ्या दिवशी पुडी आणली. दोन्ही काचपट्ट्या शेजारी ठेवल्यावर फरक करता येईना. वरवंट्याच्या एका टोकाशी चुनखडीचा पांढरा, कठीण पापुद्रा होता. तो जमिनीत असतानाच चढलेला असणार. त्याखाली कोणाची हळद पोहोचणे शक्य नव्हते. मी तो टोकदार सुईने उचकटून खालचा भाग तपासला. कुठल्याशा गवतवर्गीय धान्याचे दोनचार मोडके कण मिळाले. ज्वारी म्हणावी तर तेवढा पुरावा नाही, रानातले बी म्हणावे तरी नाही. हळद अजिबात नव्हती.

त्या दुपारी मी परिस्थितीची नीट मांडणी केली, कारण मांडणी केल्याशिवाय मला बसता येत नाही. मावशींना बारसे माहीत होते, पण त्याने काय बिघडले ते माहीत नव्हते. मॅडमना हळद माहीत होती, बारसे माहीत नव्हते. परिषदेला तर फक्त माझा गोषवारा माहीत होता. दोन्ही गोष्टी एकत्र जाणणारी जगात मी एकटीच होते. मी गप्प राहिले असते तर आकृत्या तशाच राहिल्या असत्या, कण तसेच राहिले असते, आणि मी उंच खिडक्यांच्या त्या इमारतीत कोणाशी तरी हातमिळवणी करत असते. आणि मग आयुष्यभर, जिथे जाईन तिथे, मी एकटीच असते. या दुसऱ्या एकटेपणाची मला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली. सद्गुण वगैरे मोठे शब्द तेव्हा मनात आले नाहीत.

मॅडमना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

“तुला खात्री आहे?”

“हो.”

“इतर दगडांवर काही आहे का, ज्यावर उभं राहता येईल?”

“अजून तरी नाही.”

“मग मागे घ्यावं लागेल.” माझ्या बाजूने काही वाट निघते का, हे त्या शोधत असाव्यात; तशी वाट नव्हती. “बारशाला नेत होते म्हणालीस?” त्यांनी अखेर विचारले, आणि त्यांच्या आवाजात हसू होते की थकवा, ते मला कळले नाही. “माझ्या बारशालाही निजवला होता, म्हणे. मला सुचायला हवं होतं गं.”

परिषदेला मी कळवले की नमुन्यात अलीकडच्या घरगुती वापराची हळद मिसळलेली आहे, त्यामुळे निष्कर्ष मागे घेत आहे. कोणी नेला, कोणी आणला, हे लिहिण्याची गरज नव्हती. संग्रहालयाच्या प्रमुखांना भेटून दगड बाहेर जाऊ नयेत एवढी सोय करायला सांगितली. त्यांनी मावशींकडची कपाटांची किल्लीही माझ्याकडे दिली आणि विषय संपवला. प्रयोगशाळेच्या प्रमुखांचे उत्तर आले, चार ओळींचे, सभ्य. माझ्या प्रामाणिकपणाचे कौतुक, आणि पुढे नवीन काम हाती आले की अवश्य लिहा. जागेचा उल्लेख त्यात नव्हता.

आईला सांगितले की परदेशी जाणे रद्द झाले. तिने एक क्षणही घेतला नाही. “बरं झालं व माय,” ती म्हणाली. “इतकी दूर कोन होतं तुले तिकडं?” तिचा आवाज इतका मोकळा, इतका सुटल्यासारखा होता की इथे तरी कोण आहे, हे मी बोलू शकले नाही. रविवारी येशील का, म्हणाली. पाहते, म्हणाले.

राहिले ते मावशींना सांगणे. कितीतरी दिवस मी ते टाळले. त्यांची किल्ली माझ्याकडे का आली हे त्यांनीही विचारले नाही. शेवटी एका दुपारी त्यांनीच चहाचा कप ठेवता ठेवता विषय काढला. गल्लीत आणखी एक बारसे होते.

“वरवंटा आता देता येणार नाही, मावशी. कोणालाच नाही.”

“काहून? मोडला काय?”

मी त्यांना सांगितले. स्टार्च, छिद्रे, शिजलेले कण. जमेल तितक्या सोप्या शब्दांत. माझे परदेशी जाणे रद्द झाल्याबद्दलही एक वाक्य बोलले, कारण ते वगळले असते तर बाकीच्याला अर्थ राहिला नसता. त्या ऐकत होत्या. चुकले, माफ करा, असे काही त्या म्हणतील, या कल्पनेनेच मला संकोच वाटत होता. तसे त्या काही म्हणाल्या नाहीत.

“म्हंजे तुमच्यासाठी तो आता खराब झाला.”

“हो.”

“मंग आता न्यायले काय हरकत हाय?”

प्रश्नात टोमणा नव्हता. तर्कशास्त्राच्या दृष्टीने तो निर्दोष होता. मी म्हणाले, “त्या पापुद्र्याखाली अजून काही शिल्लक असेल. आज मला ते वाचता येत नाही. पुढे कोणी येईल, त्याच्याकडे चांगली पद्धत असेल.”

“कोन येते आता इथं?” मावशी म्हणाल्या. “इतक्या वर्षांत तुमी एकल्याच त आल्या.”

त्या कप घेऊन गेल्या. त्या दुपारी मी वरवंट्याला नवीन पिशवी केली, मोहोरबंद केली, वर चिठ्ठी लावली आणि त्याला सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवले. मावशींच्या गल्लीत त्या बारशाला पाळण्यात काय निजवले, ते मला ठाऊक नाही. मी विचारले नाही.

पुण्याला परत जाण्याला अजून मुदत होती आणि दगडही बरेच उरले होते. दुसऱ्या दिवशी मी पुढचा ट्रे काढला. मात्र कामाच्या पद्धतीत एक बदल करणे भाग होते. ब्रश हातात घेण्यापूर्वी मी दालनात फडके मारणाऱ्या मावशींना हाक मारली आणि ट्रेमधला पहिला दगड उचलून दाखवला. तळहाताएवढा, वाकडा, एका बाजूचा टवका गेलेला.

“मावशी, हा कधी कोणाच्या घरी गेला होता का?”

त्यांनी दारातूनच मान तिरपी करून पाहिले.

“तो? थोबाड पाहा त्याचं!” त्या हसल्या. “तो कोनाच्याच घरी नाही गेला, मॅडम.”

मी हातमोजे चढवले आणि तो पुढ्यात घेतला.